जुन्या कपड्यांचं काय करायचं? परभणी जिल्ह्यातल्या मित्रांसाठी मोबाईलच्या मदतीने कपाट रिकामं करण्याची सोपी पद्धत

दिवाळीची साफसफाई निघाली की प्रत्येक घरात एक सीन ठरलेला असतो. कपाट उघडलं की कपड्यांचा डोंगर खाली येतो. दहावीतला टी-शर्ट, लग्नात आहेर म्हणून आलेले शर्टपीस, एकदाच नेसलेली साडी, घट्ट झालेली जीन्स. आई म्हणते, "कुणाला तरी देऊन टाक." पण हा 'कुणीतरी' सापडत नाही. मग सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर जातं, नाहीतर एक दिवस घंटागाडीत पडतं.

पुण्या-मुंबईसाठी लिहिलेल्या टिप्स इथे फारशा चालत नाहीत. जुने कपडे घ्यायला घरी येणारं ॲप किंवा मॉलमधली कपड्यांची पेटी जिंतूर, पालम, सोनपेठमध्ये कुठून आणणार? पण आपल्या जिल्ह्यात जुन्या कपड्याला मागणी नाही असं अजिबात नाही. उलट काही कपड्यांना इथे शहरापेक्षा जास्त मागणी असते. फक्त कोणाला, काय आणि कधी लागतं हे माहीत पाहिजे.

म्हणून या लेखाचा एकच नियम लक्षात ठेवा: आधी घेणारा शोधा, मग पिशवी भरा. हे काम मोबाईलवर कसं करायचं आणि ते करताना बँक खातं कसं सांभाळायचं, ते आता एकेक करून पाहू.

## स्टेप १: फोटो काढून यादी बनवा

सगळे कपडे पलंगावर टाकले की डोकं चालत नाही. त्याऐवजी असं करा:

१. एका वेळी एकच कप्पा रिकामा करा.
२. नको असलेला कपडा साध्या चादरीवर पसरा. खिडकीजवळच्या उजेडात एक फोटो पुढून आणि डाग किंवा फाटलेली जागा असेल तर एक फोटो तिथला.
३. गॅलरीत किंवा गुगल फोटोजमध्ये 'द्यायचे कपडे' नावाचा अल्बम करून हे फोटो त्यात टाका.
४. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. तिथे साईज लिहून ठेवा: "फुल शर्ट, ४०, ३ नग", "जीन्स, कंबर ३०, चेन खराब".

साईजचं लेबल निघून गेलं असेल तर टेपने माप घ्या. शर्टाची छाती आणि लांबी, पँटची कंबर आणि उंची एवढं पुरतं.

कपडा अंगात घालून फोटो काढू नका. लहान भावंडांचे कपडे असतील तर त्यांनाही फोटोत आणू नका. अजून एक गोष्ट: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते त्या फाईलमध्ये नोंदलं जातं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जाऊ शकते. त्यामुळे हे फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन बंदच ठेवा.

## स्टेप २: खिसे तपासा, नाव काढा

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण बहुतेक जण विसरतात.

- पँटचा छोटा खिसा, जॅकेटचा आतला खिसा, पर्सची चेन उघडून पाहा. आधारची झेरॉक्स, जुनं सिम, मेमरी कार्ड, एटीएमची स्लिप अशा जागी अडकून राहतात. मेमरी कार्डमधले घरचे फोटो अनोळखी माणसाच्या हाती गेले तर परत आणता येत नाहीत.
- शाळेच्या शर्टावर मुलाचं नाव, वर्ग किंवा फोन नंबर लिहिलेला असेल तर पुसा किंवा ती पट्टी उसवून काढा.
- पोलीस, सैन्य, सुरक्षा रक्षक किंवा कंपनीचा गणवेश बिल्ल्यासकट कुणालाही देऊ नका. तो घालून कुणी दुसऱ्याला फसवू शकतं.

## स्टेप ३: चार ढीग करा

ढीग अ, जसाच्या तसा घालता येईल: डाग नाही, चेन आणि बटणं ठीक, वास नाही. एक साधी कसोटी आहे: हा कपडा तुम्ही सख्ख्या मावसभावाला हातात दिला असता का? उत्तर हो असेल तरच ढीग अ.

ढीग आ, थोडं काम केलं तर चालेल: एक बटण, एक टाका, खराब चेन. टेलरकडे टाकून दुरुस्त करा, मगच द्या. चेन बदलायचा खर्च घेणाऱ्याच्या माथी मारू नका.

ढीग इ, कपडा म्हणून संपला, पण कापड चांगलं आहे: जुन्या सुती साड्या, धोतर, चादरी, मऊ झालेले कुर्ते.

ढीग ई, काहीच उरलेलं नाही: फाटलेले, कुजलेले, ताणून सैल झालेले.

सुती कोणतं आणि पॉलिस्टर कोणतं, हे ओळखायला गुगल लेन्स वापरा. आतल्या शिवणीजवळचं बारीक लेबल लेन्ससमोर धरलं की त्यातला मजकूर वाचता येतो. 'कॉटन १०० टक्के' असेल तर प्रश्नच मिटला. लेबल नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. जुनं धुतलेलं सुती कापड थेंब लगेच शोषतं, पॉलिस्टरवर तो बराच वेळ तसाच राहतो. ही ढोबळ परीक्षा आहे, पण ढीग वेगळे करायला पुरते.

## आपल्या जिल्ह्यात कोणता कपडा कधी लागतो?

आपला जिल्हा कापसाचा, सोयाबीनचा आणि गोदावरीकाठी उसाचा. इथे कपड्याची गरज शेतीच्या कॅलेंडरप्रमाणे बदलते.

जून: शाळा उघडतात. गणवेश, दप्तर, रेनकोट, बूट यांना याच महिन्यात खरी किंमत असते. खासगी शाळेचा गणवेश महाग असतो आणि मुलं वर्षभरात उंच होतात. तुमच्या भावाचा छोटा झालेला गणवेश त्याच शाळेतल्या खालच्या वर्गाच्या पालकांना हवाच असतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुरे.

ऑक्टोबर ते डिसेंबर: कापूस वेचणी आणि ऊसतोडीचा हंगाम. शेतात काम करणाऱ्या बायका साडीवरून पुरुषांचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. ऊन, उसाच्या पाचटाची धार आणि कापसाच्या बोंडाची टोकं यांपासून हात वाचवायला तो लागतो. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधतात, तिला जुनी साडी किंवा ओढणी चालते. म्हणजे कॉलर विरलेला, ऑफिसला न चालणारा जाड सुती फुल शर्ट इथे अगदी कामाचा आहे. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबं कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. त्यांना शर्ट द्यायचे तर ते निघण्याआधी द्या.

डिसेंबर-जानेवारी: परभणीची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. स्वेटर, कानटोपी, शाल, जुनी ब्लँकेट नोव्हेंबरमध्येच काढा. फेब्रुवारीत दिलेला स्वेटर पुढचे दहा महिने त्या घरातली जागा अडवतो.

लग्नसराई: ब्लेझर, शेरवानी, लहान मुलांचे भारी ड्रेस यांना याच काळात विचारणा होते. विकायचे असतील तर हीच वेळ.

## मेसेज असा लिहा

"जुने कपडे आहेत, कुणाला पाहिजेत का?" असा मेसेज ग्रुपवर टाकला की दोन अंगठे येतात आणि विषय संपतो. सगळ्यांसमोर "मला पाहिजेत" म्हणायला माणसाला अवघड वाटतं. म्हणून मेसेज नेमका हवा आणि उत्तर खासगीत मागा. हा नमुना कॉपी करा:

> नमस्कार. आमच्याकडे धुऊन इस्त्री केलेले कपडे आहेत: मुलांचे फुल शर्ट (साईज ४०) ५ नग, मुलीचे ड्रेस (वय ८ ते १०) ४ नग, स्वेटर २. फोटो पाहिजे असल्यास मला पर्सनल मेसेज करा. पैसे नाहीत. रविवारी सकाळी १० ते १२ घरी आहे. कोण घेतंय ते ग्रुपवर सांगणार नाही.

शेवटचं वाक्य छोटं आहे, पण मेसेजला उत्तर येतं ते त्याच्यामुळे. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली तर आणखी चांगलं. प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो आणि कुणाला कुणाचं उत्तर दिसत नाही. फक्त तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, हे लक्षात असू द्या.

कपडे दिल्यावर घेणाऱ्यासोबत सेल्फी काढून स्टेटसला टाकू नका. उद्या तो शर्ट घालून त्याला त्याच गल्लीतून जायचं असतं. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे: बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असा फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करता येत नाही.

## भांडेवाली आणि वाकळ: ॲपच्या आधीचे ॲप

कपडे घ्या, भांडी द्या. हा व्यवहार आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. कुठे बोहारीण म्हणतात, कुठे भांडेवाली. दारात टोपली उतरवून ती एकेक कपडा उजेडात धरून बघते आणि स्टीलचं पातेलं किंवा प्लास्टिकचा टब देते. आपल्याला वाटतं तिने स्वस्तात नेलं. पण तेच कपडे ती धुते, शिवते, इस्त्री करते आणि मग जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. तिथून ते नवा शर्ट न परवडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतात. म्हणजे पिकअप, छाननी, दुरुस्ती आणि विक्री, सगळं एकाच बाईकडे. ढीग अ आणि आ साठी हा उत्तम रस्ता आहे. घासाघीस करा, पण तिचे श्रमही मोजा.

ढीग इ साठी वाकळ आहे. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळ. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक लावून हाताने धावदोरा घातला की थंडीतलं पांघरूण तयार. घरात आजीला येत असेल तर तिच्याकडून शिकून घ्या, व्हिडिओ काढून ठेवा. नाहीतर गावात मजुरीवर वाकळ शिवून देणाऱ्या बायका असतात. त्यांना काम मिळतं आणि आजीची साडी घरातच राहते. पॉलिस्टरच्या साड्या शक्यतो आतल्या थरात घाला, अंगाला लागणारं कापड सुती ठेवा.

## ऑनलाइन विकावं का?

खरं सांगायचं तर रोजच्या कपड्यांसाठी नाही. जुना टी-शर्ट ऑनलाइन टाकला तर येणारी किंमत आणि कुरिअरचा खर्च जवळपास सारखाच होतो. विकण्यासारखं म्हणजे भारी साडी, ब्लेझर, शेरवानी, चांगलं जॅकेट, न वापरलेले ब्रँडेड बूट. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर टाकताना शहर परभणी ठेवा आणि समोर येऊन, पाहून, घालून नेणारा ग्राहक शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

### क्यूआर कोडवाली फसवणूक

जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत फोन येतो. समोरचा घासाघीस करत नाही. फोटो न बघताच "घेतलं" म्हणतो. तो सैन्यात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. विश्वास बसावा म्हणून कधी आधी १ रुपया पाठवतो. मग येतो क्यूआर कोड: "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील."

इथेच थांबा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला आणि बॅलन्स बघायला लागतो. स्कॅन करून पिन टाकलात की पैसे तुमच्याच खात्यातून जातात, मग समोरचा काहीही म्हणो.

एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागणारी 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवण्याची सोय बंद करायला लावली. त्याने एक दार बंद झालं, पण क्यूआर कोडची युक्ती अजून चालू आहे. आणखी तीन प्रकार ओळखून ठेवा:

- "चुकून जास्त पैसे गेले, उरलेले परत करा." मेसेज खोटा असतो. एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा झाले का ते बघा.
- "पिकअपसाठी हे ॲप टाका." लिंकवरून आलेली एपीके फाईल किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप कधीच इन्स्टॉल करू नका.
- "दान घ्यायला गाडी पाठवतो, आधी नोंदणी फी भरा, ओटीपी सांगा." दान देणाऱ्याकडून ओटीपी कशाला लागतो?

पैसे गेलेच तर लाजू नका आणि थांबू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करा, बँकेला कळवा आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

## संस्थेला द्यायचं असेल तर

गूंज: अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली संस्था. या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत वेगळी आहे. गावकरी आपल्या गावासाठी विहीर खोदणं, रस्ता नीट करणं अशी कामं करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून कपडे आणि वस्तू घेतात. म्हणजे ती भीक राहत नाही. जुन्या सुती कापडापासून ते मासिक पाळीसाठी पॅडही बनवतात. कपडे घेण्याची केंद्रं त्यांच्या वेबसाईटवर दिलेली असतात. आपल्याकडून पाठवायचं तर पार्सलचा खर्च आधी विचारा. चार-पाच घरांनी मिळून एक गठ्ठा केला किंवा कुणी मुंबई-पुण्याला जाताना नेला तरच परवडतं.

आरआरआर केंद्र: केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत मे २०२३ मध्ये देशभरातल्या शहरांत जुने कपडे, पुस्तकं, खेळणी जमा करायची केंद्रं सुरू झाली. तुमच्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात फोन करून केंद्र चालू आहे का ते विचारा. काही शहरांत 'माणुसकीची भिंत' असते. नको ते ठेवा, हवं ते न्या. तिथे ठेवणार असाल तर घडी घालून, साईजची चिठ्ठी लावून ठेवा.

अनोळखी संस्था असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव शोधा. नाव सापडलं म्हणजे संस्था चांगलीच आहे असं नाही, पण निदान तिची नोंद आणि पत्ता समजतो. वसतिगृह किंवा बालगृह गुगल मॅपवर सापडलं तरी थेट पोतं घेऊन जाऊ नका. आधी फोन करून "तुम्हाला काय लागतं?" हे विचारा.

## पूर आला की कपड्यांचा ट्रक?

सप्टेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं आणि घरं पाण्यात गेली. अशा वेळी सगळ्यांना मदत करावीशी वाटते आणि सगळ्यात आधी हात कपाटाकडे जातो. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. ते कुणाच्या मापाचे नव्हते, कुणाच्या कामाचे नव्हते, आणि ते उपसणं हेच एक काम होऊन बसलं.

त्यामुळे आपत्तीत न निवडलेलं पोतं पाठवू नका. तिथल्या कार्यकर्त्याला विचारा. बहुतेकदा कोरडी चादर, टॉवेल, नवे आतले कपडे आणि लहान मुलांचे कपडे आधी लागतात. पोत्यावर बाहेरून लिहा: "बायकांचे, २० नग" किंवा "मुलं, वय ५ ते ८". घाईत असलेल्या माणसाला पोतं न उघडता कळलं पाहिजे.

## ढीग ई चं काय?

सुती चिंध्या फडकी, पायपुसणं, गॅरेजमध्ये ऑईल पुसायला चालतात. ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, तो बहुतेक घेऊन जाईल. बटणं, चेन, हुक कापून डब्यात ठेवा. हरियाणातल्या पानिपतमध्ये जुने, विशेषतः लोकरी कपडे फाडून त्यांचा पुन्हा धागा करतात आणि स्वस्त ब्लँकेट विणतात. पण तिथपर्यंत माल जातो तो भंगारवाले आणि व्यापाऱ्यांमार्फत. म्हणून तुमचा भंगारवाला कापड घेतो का, हे विचारून ठेवा.

एकच करू नका: पॉलिस्टर घराबाहेर जाळू नका. ते एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, त्याचा धूर श्वासाला वाईट आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो. दुसरा उपाय नसेल तर सुक्या कचऱ्यात द्या.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आतले कपडे देता येतात का? वापरलेले नाही. सुती असतील तर फडकी करा.

वारलेल्या माणसाचे कपडे द्यावेत का? घरच्यांशी बोलून ठरवा, घाई नको. एखादा शर्ट किंवा साडी वाकळीत घालून जपता येते. बाकीचे देताना कुणाचे होते हे सांगावं की नाही, तेही घरच्यांनाच ठरवू द्या.

किती वर्षं न घातलेला कपडा काढावा? वर्षभरात एकदाही अंगाला लागला नाही तर अल्बममध्ये टाका. सणाचे आणि थंडीचे कपडे वेगळे मोजा.

घेणारा सापडलाच नाही तर? पिशवीवर यादी आणि तारीख लिहून ठेवा आणि मोबाईलमध्ये पुढच्या हंगामाचं रिमाइंडर लावा. स्वेटरसाठी नोव्हेंबर, गणवेशासाठी मे.

## शेवटी

मित्रांनो, आज रात्री सगळं कपाट काढू नका. फक्त एक कप्पा, दहा फोटो आणि तीन माणसांना मेसेज एवढंच करा. आणि घरात कुणी ऑनलाइन काही विकत असेल तर पिनचा नियम त्यांना आजच सांगा, विशेषतः आई-वडिलांना. तुमच्या तालुक्यात जुने कपडे नीट वापरात आणणारं कुणी असेल तर ती माहिती मित्रांपर्यंत पोहोचवा.